वटवाघळं निघाली की दिवा

आमच्या घरी संध्याकाळचा दिवा घड्याळ बघून लागत नाही. लागत नसे, असं आता लिहायला हवं, पण अजून हात वळत नाही.

उज्जैनच्या माधव नगरातल्या आमच्या घरामागे एका जुन्या सरकारी बंगल्याचं आवार होतं. बंगल्यात माझ्या आठवणीत कोणी राहिलं नाही. आवारात दोन अर्जुन आणि एक चिंच अशी तीन थोराड झाडं होती आणि त्यांच्यावर मोठी वटवाघळं दिवसभर उलटी लटकलेली असत. फळं खाणारी जात ही. मानेवर तांबूस लव, कोल्ह्यासारखं तोंड, आणि पंख उघडले की आईच्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाहीत एवढे. सूर्य बुडाला की त्यातलं पहिलं निघे. ते आमच्या गच्चीवरून फ्रीगंजच्या बाजाराच्या दिशेने जाई, आणि मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेली आई गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणे, "निघाली गं. दिवा लाव."

आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या सासूबाईंनी तिला ही रीत सांगितली होती. घड्याळाला किल्ली द्यायला आपण विसरतो, ती निघायला विसरत नाहीत, एवढंच त्याचं कारण. थंडीत ती लवकर निघत, उन्हाळ्यात उशिरा, आणि त्यांच्यामागून आमचा दिवा वर्षभर मागेपुढे सरकत राही. दरबारी कारकुनीसाठी कोणे एके काळी माळव्यात आलेल्या आमच्या घराण्यात पंचांगावाचून पान हलत नसे, पण दिव्याच्या बाबतीत पंचांगाला कोणी विचारत नव्हतं.

यावरून आईचं वटवाघळांवर प्रेम होतं असं कोणी समजू नये. तिचं त्यांच्याशी रोजचं भांडण होतं. दोरीवरच्या धुतलेल्या चादरीवर जांभळाचे डाग पडत. देशी बदामाची अर्धवट चघळलेली फळं अंगणात टपाटप पडत. उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या की त्यांवर फळांचा चोथा पडू नये म्हणून ती हातात काठी घेऊन राखण करायची आणि झाडांकडे बघत म्हणायची, "मेल्यांना सगळं उज्जैन सोडून माझीच दोरी दिसते!" पण एकदा पुण्याहून आलेल्या नातेवाइकांनी नाक मुरडून, कसं राहता बाई या अपशकुनी पाखरांजवळ, असं म्हटल्यावर तिने त्यांच्या ताटात वाढता वाढता सांगितलं की ती आमची आहेत, आणि पाखरं नाहीत, पिल्लाला दूध पाजतात. ही माहिती तिला मीच कधीतरी दिली होती. ती लक्षात ठेवेल असं मला वाटलं नव्हतं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि वटवाघळांवर संशोधन करते. माळव्यात कोणती जात कुठे राहते, तिथेच का राहते, आणि शेजारच्या गावात का नाही, हे शोधणं म्हणजे माझं काम. नात्यातल्या लग्नांत माझी ओळख "ही आमची चमगादड़वाली" अशी करून देतात. माझं लग्न न होण्याचा संबंधही काही मावशांनी त्याच्याशी जोडून टाकला आहे. मी तापट आहे हे घरी आणि कॉलेजात दोन्हीकडे मान्य असल्यामुळे माझ्यासमोर फारसं कोणी बोलत नाही, पण मला ऐकू येतं. वटवाघळांच्या संगतीचा एवढा परिणाम झाला आहे खरा.

साथीच्या वर्षी मात्र लोक समोर येऊन बोलू लागले. समोरच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात, सज्जन माणूस, पण घाबरट. ते फाटकापाशी लांब उभे राहून म्हणाले, "बेटी, सब कह रहे हैं बीमारी इन्हीं से आई है. इनको भगाने का कुछ करो. पटाखे चला दें क्या?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आई म्हणाली, "भाईसाहब, आपका मास्क नाक के नीचे है. पहले वो ऊपर करो, फिर हमारे चमगादड़ देखना." मास्तरांनी मास्क वर केला आणि गेले. त्या रात्री आई मला म्हणाली, "पटाखे म्हणे. बाळंतिणी आहेत तिथे." तेव्हा चैत्र होता आणि झाडांवर खरोखरच माद्यांच्या पोटाला पिल्लं चिकटलेली होती. आईने कधी दुर्बीण हातात धरली नाही, पण कपडे वाळत घालताना तिला सगळं दिसत होतं.

माझ्या कामातला मोठा भाग म्हणजे एक नकाशा. तो कसा होतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. मी कित्येक वर्षं सुट्टी मिळाली की बडनगर, तराना, महिदपूर, शाजापूर अशा बाजूंना बसने नाहीतर स्कूटरने जात असे. गावात शिरून विचारायचं, बड़े चमगादड़ कहाँ लटकते हैं? कोणी बाग दाखवे, कोणी मशिदीमागचं पिंपळाचं झाड, कोणी बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, काठचा वड. दिसली की नकाशावर एक टिंब. पुरेशी टिंबं जमली की मग त्या जागांमध्ये काय सारखं आहे ते पाहायचं: पाऊस किती, उन्हाळा किती कडक, पाणी किती लांब, आसपास काय पिकतं. तसंच हवापाणी आणखी कुठे कुठे आहे ते कॉम्प्युटर शोधतो आणि तेवढा भाग हिरवा करून देतो. हिरवा म्हणजे, इथलं हवापाणी त्यांना मानवेल. एवढंच. तिथे ती आहेत असं नाही, तिथे झाड आहे असंही नाही.

आणि आमच्या धंद्याचा एक नियम आहे. दिसलं तिथे टिंब द्यायचं, पण पुढे कधी दिसलं नाही म्हणून ते खोडायचं नाही. कारण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. तुम्ही चुकीच्या महिन्यात गेला असाल, चुकीच्या वेळी गेला असाल. नियम प्रामाणिक आहे, मी तो दरवर्षी नव्या मुलांना शिकवते. पण खेड्यांतून दुसऱ्यांदा फिरताना मला त्याचा वैताग येऊ लागला होता. ज्या बागेत मी स्वतः उभी राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं होतं तिथे सोयाबीन लागलेलं असे, आणि बांधावरचा म्हातारा म्हणे, "थीं पहले. बगीचा ही नहीं रहा तो वो कहाँ रहेंगी?" थीं पहले. गावागावांतून मी हेच ऐकत घरी यायचे, आणि घरी आल्यावर निदान मागच्या झाडांवरची कलकल ऐकून बरं वाटायचं. आपली तरी आहेत, असं मनात म्हणायचे. माझ्या माहितीतली ती शेवटची मोठी वसाहत होती. बाकीच्या ठिकाणी उरलीसुरली असायची.

मग एका फाल्गुनात आईचा कॉलेजात फोन आला. ती कधी कॉलेजात फोन करत नाही.

"अगं, ते लोक नापायला आले होते. तिन्ही झाडांना लाल रंगाने नंबर घातलेत."

"कोण लोक?"

"आता ते मला काय माहीत! मी विचारलं, क्यों भैया, तर म्हणाले ऊपर से आया है. सिंहस्थाची सडक चौडी करणार आहेत म्हणे, बंगल्याच्या आवारातून. तू जाऊन बात कर ना त्यांच्याशी. एवढी शिकलीस ती कशासाठी?"

सिंहस्थाआधी उज्जैनला काय होतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. सगळं शहर उकरून ठेवतात. कुठल्या गल्लीला कधी खड्डा पडेल सांगता येत नाही, आणि कोणी तक्रार केली तर म्हणतात, बाबा महाकाल का काम है. माझी देवाशी तक्रार नाही. माझी तक्रार नकाशे घेऊन हिंडणाऱ्यांशी होती, आणि त्यात मीही एक होते, हे मला त्या कचेरीत जाऊन कळलं.

इंजिनियर तरुण होता, अदबीने वागणारा. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, मॅडम मॅडम केलं. मला भांडायचं होतं आणि माणूस भांडकुदळ नव्हता, ही पहिली अडचण झाली. मी झाडांचं नाव काढताच त्याचा चेहरा खुलला. त्याने फाइल उघडून माझ्यासमोर फिरवली.

"ये देखिए मैडम. हमने सब साइंटिफिक तरीके से किया है. आप ही की रिसर्च है."

माझा नकाशा होता. रंगीत छापलेला, माझ्या नावासकट. उज्जैनच्या भोवती हिरवा रंग चांगला ऐसपैस पसरलेला, आणि आमच्या घरामागच्या झाडांवर पेनने एक फुली. फुलीपासून एक बाण निघून बडनगर रस्त्याच्या बाजूच्या हिरव्या पट्ट्यात शिरला होता.

"यहाँ से हटेंगे तो यहाँ चले जाएँगे," तो म्हणाला. "आपके हिसाब से तो इनके लिए बहुत जगह है."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. नकाशा चुकला असता तर बरं झालं असतं. चुकलेला नकाशा दुरुस्त करता येतो. माझा नकाशा बरोबर होता, आणि या बऱ्या मुलाने तो मन लावून वाचला होता. तो बाण जिथे जात होता ती जागा मला माहीत होती. तिथे मी गेले होते. उभं राहिलं तर सावलीला म्हणून एक झाड नव्हतं, गव्हाची कापणी होऊन गेलेली आणि धसकटं जाळलेली.

"भैया, हरे रंग का मतलब ये नहीं है कि वहाँ पेड़ खड़ा है," मी शक्य तितक्या हळू म्हटलं. "मतलब सिर्फ़ इतना कि वहाँ की हवा-पानी इनके लायक है. लटकने को पेड़ तो चाहिए ना!"

"पेड़ हम लगा रहे हैं, मैडम. एक के बदले दस."

"और ये उस पर कब लटकेंगे?"

त्याने खरोखर विचार केला. "पाँच-सात साल में," तो म्हणाला, आणि मी कपाळाला हात लावला. आमची झाडं आईच्या सासूबाईंच्या लहानपणीही म्हातारी होती.

मग माझा तोल सुटला. मी त्याला सांगितलं की हे काही भाडेकरू नाहीत, एक खोली गेली की दुसरी बघायला. आई जिथे लटकली तिथे पोर लटकतं, त्याचं पोर तिथेच येतं, असं किती पिढ्या चाललं आहे देवाला ठाऊक. परवापरवापर्यंत कायद्यात यांची जागा उपद्रवी म्हणून उंदीर-कावळ्यांच्या रांगेत होती, आता कुठे यांना संरक्षण मिळालं आहे, ते तरी बघ. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "चमगादड़ को कोई हाथ नहीं लगाएगा मैडम, मैं गारंटी देता हूँ. हम तो सिर्फ़ पेड़ काट रहे हैं."

झाडं वाचत नाहीत हे मला त्या क्षणी उमगलं. मग मी भीक मागावी तशी एकच गोष्ट मागितली. आता पिल्लं जन्मतील. सुरुवातीला ती आईच्या पोटाशी असतात, मग आया त्यांना फांदीवर टांगून चरायला जातात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ती स्वतः उडायला लागतात. तेवढं थांबा. पिल्लं उडाली की मी स्वतः येऊन सांगते, मग काटा. काटा हा शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हा मला माझीच किळस आली.

"बारिश से पहले बेस डालना है," तो म्हणाला. माझ्याकडे बघून जरा अडखळला. "फिर भी, मैं बात करता हूँ."

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय बोलला?"

"बात करतो म्हणाला."

"मग झालंच," आई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

मला मात्र आशा वाटत होती. तिची लाज वाटते, पण वाटत होती. चैत्र गेला, काही झालं नाही. माद्या पिल्लांना पंखात गुंडाळून लटकायच्या, ऊन चढलं की पंखाने वारा घालायच्या. मी कॉलेजातून आल्यावर गच्चीवर दुर्बीण घेऊन उभी राहायचे. आई खालून ओरडायची, "काय म्हणताहेत बाळंतिणी?" मी म्हणायचे, मजेत आहेत. लाल नंबर उन्हाने फिके व्हायला लागले तेव्हा मला वाटलं, फाइल कुठेतरी अडकली असेल. सरकारी फाइल अडकावी म्हणून मी तेवढी प्रार्थना आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केली नाही.

वैशाखात एका दुपारी मी परीक्षेचे पेपर तपासत होते आणि आईचा दुसरा फोन आला. "ये," ती म्हणाली. "आरी चालू झाली."

टावर चौकातून स्कूटर काढताना साबुदाण्याच्या खिचडीच्या गाड्यापाशी नेहमीची गर्दी होती. त्या सगळ्यांच्या डोक्यावर वटवाघळं उडत होती. भर दुपारी, त्या उन्हात. एकाने खिचडीचा द्रोण हातात धरून वर पाहिलं, मोबाईल काढला. मला त्याला स्कूटरने धडक द्यावीशी वाटली. तो बिचारा काय करणार होता?

मी पोचले तेव्हा चिंच पडलेली होती आणि एका अर्जुनाचे वरचे हात गेले होते. आवारावर सगळं आकाश पंखांनी भरलेलं. काही माद्या पिल्लं घेऊन उडत होत्या. पिल्लं एवढी जड झाली होती की त्यांना नीट वर जाता येत नव्हतं. कावळे मागे लागले होते. खाली धुरळ्यात, भुशात, पाल्यात पिल्लं पडलेली होती, काही फांदीला तशीच धरून. आणि आवाज! त्या आवाजाची मी वीस वेळा कागदावर वर्णनं लिहिली असतील, त्यातलं एकही खरं नाही.

मी मुकादमावर ओरडले. इंजिनियरला फोन लावला, लागला नाही. पुन्हा ओरडले. "मैडम, ऑर्डर है," मुकादम म्हणाला. आरी क्षणभरही थांबली नाही. इतकी वर्षं माझ्या रागाला लोक वचकून असत असं मला वाटत होतं. तो मुकादम मला धूळ लागेल म्हणून बाजूला व्हा म्हणत होता.

मास्तर समोरच्या गल्लीतून भाजीची टोपली घेऊन आले. तेच मास्तर, पटाख्यांवाले. डोक्याला गमछा. "बेटी, बता कैसे उठाऊँ. काटेगा तो नहीं?" मी म्हटलं, उघड्या हाताने शिवू नका, कापडात धरा. त्यांनी डोक्यावरचा गमछा सोडला आणि वाकून एकेक पिल्लू त्यात गुंडाळून टोपलीत ठेवायला लागले. मी माझे हातमोजे चढवले. आम्ही दोघं त्या पाल्यातून फिरत होतो आणि वरून आरीचा भुसा पडत होता.

अंगणात आणल्यावर आई आतून तिचं एक जुनं मऊ लुगडं घेऊन आली. ते तिने दोरीवर कधी वाळत घातलं नव्हतं. डाग पडतील म्हणून घरात खुंटीवर वाळवायची. तिने ते फाडलं, पाण्यात भिजवलं, पिळलं आणि टोपलीत अंथरलं. "पाणी देऊ का यांना?" तिने विचारलं. मी ड्रॉपरने थोडं थोडं दिलं, मग पातळ केलेलं दूध. काहींनी घेतलं. एकाने आईच्या बोटाला गुंडाळलेला कपडा अंगठ्याच्या नखाने घट्ट धरला आणि सोडेना. आई तशीच पाटावर बसून राहिली. त्या संध्याकाळी आमच्याकडे दिवा लागला नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

एकही वाचलं नाही. आईचं बोट धरलेलं सगळ्यात शेवटी गेलं. पेरूच्या झाडाखाली पुरली, मास्तरांनीच खड्डा खणला. मला अभ्यासासाठी मोजायला हवी होती. मी मोजली नाहीत.

पुढचे काही दिवस मोठी वटवाघळं संध्याकाळी यायची. झाडं होती त्या जागेवर हवेत फिरायची, फिरत राहायची आणि निघून जायची. मग कमी झाली. मग येईनाशी झाली. मी स्कूटर घेऊन नकाशातल्या जवळपासच्या प्रत्येक हिरव्या जागी जाऊन आले. बाण दाखवला होता तिथेही गेले. जळकी धसकटं होती तशीच होती. परतताना एका वळणावर विजेच्या दोन तारांवर एक मोठी मादी मेलेली लटकत होती, पंख पसरलेले. एवढी एकच सापडली. बाकीची कुठे गेली ते मला माहीत नाही. हे माझं काम आहे, आणि मला माहीत नाही.

रस्ता झाला आहे. चांगला झाला आहे, खोटं कशाला बोला. कडेला लोखंडी जाळ्यांत रोपं लावली आहेत, त्यातली बरीच वाळली. संध्याकाळ झाली की पांढरे दिवे आपोआप लागतात आणि आमचं मागचं अंगण उजळून निघतं. दोरीवरचे कपडे आता स्वच्छ असतात. या उन्हाळ्यात आईने कुरडया घातल्या नाहीत. "खातंय कोण?" म्हणाली.

ती अजून खुर्ची टाकून बसते. घरात अंधार झाला तरी उठत नाही. देवापुढे अंधार, ओट्यावर अंधार, आणि ती रस्त्याच्या उजेडात मान वर करून बसलेली. आईचं डोकं पूर्ण ठिकाणावर आहे. भाजीवाल्याचा हिशेब ती माझ्याआधी करते. पण दिवा लाव म्हणत नाही, आणि ती म्हणेपर्यंत मलाही लावता येत नाही. मी तिच्या फोनवर संध्याकाळची घंटी लावून दिली. दुसऱ्या दिवशी वाजली तेव्हा तिने ती बंद केली आणि म्हणाली, "ही कोण मला सांगणारी?" पुन्हा लावायची माझी हिंमत झाली नाही.

परवा मी तिच्या शेजारी अंगणात लॅपटॉप घेऊन बसले होते. नवा, मोठा नकाशा आला होता. माझ्यासारख्या अनेकांची टिंबं गोळा करून कोणीतरी सगळ्या देशाचा केलेला, सुरेख काम. मी उज्जैनवर बोट ठेवून मोठं करत गेले.

"काय बघतेस?" आईने विचारलं.

"नकाशा. त्यांचाच."

"आपलं उज्जैन कुठे त्यात?"

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. हिरव्या रंगात एक काळं टिंब होतं. तिने चष्मा पुढे ओढला. "आणि हे काय आहे?"

"हे आपल्या मागचं. अर्जुन आणि चिंच."

"म्हणजे यात ती आहेत?"

नियम समजावून सांगता आला असता. दिसलं तिथे टिंब, न दिसलं तरी खोडायचं नाही. दरवर्षी सांगते. आईने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की तिलाही सगळं माहीत आहे. तिने त्यांच्या पिल्लांना लुगडं फाडून दिलं होतं.

"हो," मी म्हटलं. "नकाशात आहेत. इथेच आहेत."

ती बराच वेळ त्या टिंबाकडे बघत राहिली, मग रस्त्यावरच्या रिकाम्या आकाशाकडे. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"मग निघाली असतील," ती म्हणाली. "लाव दिवा."

मी आत जाऊन दिवा लावला.